आरशातला पाय

निंबोळ्याच्या धावपट्टीच्या मधोमध फक्कीची एक रेघ असते. खो-खोच्या मैदानावर मारतात तशीच पांढरी, फक्त सातशे मीटर लांब. शकूर मिस्त्री ती रोज सकाळी मारतो, आणि विमान उडालं की मी त्या रेघेवरून चालत जाते. आमची विमानं लहान, चार माणसांची. त्यांचं तिसरं चाक शेपटीखाली असतं, पेरूएवढं. ते मुरमात बारीक खाच पाडत जातं; शेपूट उचलली जाऊ लागली तरी बराच वेळ मुरमाला घासत राहतं. खाच फक्कीवर असली तर वैमानिकाचे पाय जागे होते. फक्की सोडून गेली असली तर कुठे सोडली, किती सोडली, ते मुरूम सांगतो. चाळीस वर्षं मी विमान चालवायला शिकवलं. विद्यार्थी खाली उतरून काय सांगतात त्यावर मी कधी फारसा विश्वास ठेवला नाही, खाचेवर ठेवला.

"पण बाई, विमान सरळच का धावत नाही?" हा प्रश्न शाळेतली मुलं हमखास विचारतात. शनिवारी मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते तेव्हा माझ्या पिशवीत एक ड्रिल मशीन असतं आणि खांद्यावर सायकलचं सुटं चाक.

ड्रिल भिंतीत अडकलं की मनगटाला हिसका बसतो. टोक एका बाजूला फिरू पाहतं, तर मशीन दुसऱ्या. विमानाचंही तसंच. पुढचा पंखा उजवीकडे फिरतो, म्हणून अख्खं विमान डावीकडे कलू पाहतं आणि डावं चाक जमिनीत जास्त रुततं. शिवाय पंख्याने मागे फेकलेला वारा सरळ जात नाही. चकलीच्या वेढ्यांसारखा विमानाला गुंडाळत जातो आणि शेपटीच्या उभ्या पानावर डावीकडून थडकतो. शेपूट उजवीकडे गेली की नाक डावीकडे. नाक वर असेल तर आणखी एक गंमत होते: खाली येणारं पातं हवेचा मोठा घास घेतं, वर जाणारं लहान. मोठा घास उजव्या बाजूला, म्हणून नाक पुन्हा डावीकडेच.

सायकलचं चाक शेवटी काढायचं. एका मुलीला फिरत्या खुर्चीत बसवायचं, जोरात फिरणारं चाक तिच्या हातात द्यायचं आणि सांगायचं, "आता हे जरा तिरकं कर." ती तिरकं करते आणि खुर्ची आपोआप फिरते. वर्गात आरडाओरडा. फिरत्या वस्तूला एका बाजूला ढकललं की ती काटकोनात जाऊन उत्तर देते, हे मी फळ्यावर लिहिते. पण ते खुर्चीतच कळतं. विमान वेग घेतं, शेपूट जमिनीवरून उचलली जाऊ लागते, तेव्हा समोर फिरणारा पंखाही असाच तिरका होतो आणि नाक डावीकडे झटका मारतं.

यावर उपाय एकच, उजवा पाय. उजवं पेडल दाबलं की शेपटीचं सुकाणू वळतं आणि नाक सरळ राहतं. मात्र पाय नाकाच्या आधी हलला पाहिजे. नाक वळलेलं पाहून पाय दाबणारा नेहमी उशिरा असतो. मग तो घाबरून जास्त दाबतो, नाक उलटीकडे जातं, आणि मुरमावर साप उमटतो.

माझा पाय आधी हलायचा. त्यात माझी हुशारी फार नव्हती, वर्षं होती. इंजिनाचा आवाज चढायला लागला की पाय आपोआप खाली जायचा. अकरा वर्षांपूर्वी निनाद सोनवणे नावाचा एक तरुण इंजिनिअर पुण्याहून आला आणि म्हणाला, "बाई, नाक वळल्यावर सुधारणारी यंत्रं आहेत आमच्याकडे. मला नाक वळायच्या आधी हलणारं हवंय. तुमचा पाय द्याल का?"

मी दिला. पुढची दोन वर्षं माझ्या पेडलांना संवेदक लावलेले होते. दीड हजार उड्डाणं. त्यातून त्याच्या यंत्राने शिकून घेतलं की शक्ती किती, वेग किती, शेपूट कुठे, आणि अशा वेळी कुमुद भामरेचा पाय काय करतो. त्या यंत्राचं नाव त्याने ठेवलं 'पायगुण'. एक छोटी मोटर पेडल हलवते. वैमानिकाने पाय जमिनीवर ठेवून बसायचं. बघता बघता देशातल्या चारशे लहान विमानांत पायगुण बसला. वेड्यावाकड्या उड्डाणांतून होणारे अपघात जवळजवळ संपले. कोणी विचारलं की मी मान जरा वर करून सांगायची, "चारशे विमानं माझ्या पायावर उडतात."

खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

*

बुधवारी दुपारी माझी भाची हेमांगी नवं विमान घेऊन निंबोळ्याला उतरली. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. माझ्याच फ्लाइंग क्लबात शिकली, परवान्यावर सहीही माझीच. आता ती भादलपाड्याची सेवा सुरू करणार होती. भादलपाडा सातपुड्याच्या माथ्यावरचं गाव. तिथल्या तिघांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी धुळ्याला न्यावं लागतं. जीपने सहा तास जायला, सहा यायला. विमानाने बावीस मिनिटं. वर उन्हाळ्यात हवा विरळ, त्यामुळे जुन्या विमानांचा तिथे दम तुटायचा. म्हणून हे नवं, बॅटरीवर चालणारं, दुप्पट शक्तीचं. पहिलं उड्डाण सोमवारी सकाळी दहाला ठरलेलं.

"बस मावशी, फेरी मारून आणते. चप्पल काढणारच असशील."

"काढणारच."

"देवळात चाललीय जशी," शकूर मिस्त्री मागून म्हणाला. पेडलवर तळवा लागल्याशिवाय मला विमान कळत नाही, यावरून तो तीस वर्षं हसतो आहे.

हेमांगीने डाव्या खुर्चीत बसून दोन्ही पाय मागे घेतले, एकावर एक. मी उजव्या खुर्चीत, पेडलवर नुसते तळवे टेकवून. तिने शक्ती वाढवली. आवाज जवळजवळ नाहीच, टेबलफॅनएवढा. आणि माझ्या तळव्याखाली पेडल हललं.

ते कसं वाटलं हे सांगणं अवघड आहे. अंधारात कोणी हात धरावा आणि तो आपलाच हात निघावा, तसं. आधी हलकं, मग ठाम, मग एक श्वासभर थांबून पुन्हा हलकं. माझीच लकब. फक्त उजव्याऐवजी डावीकडे.

"पंखा उलटा फिरतो हिचा," हेमांगी म्हणाली. "मोटर आणि पंख्याच्या मध्ये दातेरी चाकांची एक जोडी आहे, त्यामुळे. म्हणून सोनवणे सरांनी तुझा पाय उलटा केला. आरशात धरल्यासारखा. आणि मोटर दुप्पट, म्हणून पायही दुप्पट."

बरोबरच होतं. पंखा उलटा तर नाक उजवीकडे ओढणार, म्हणजे डावा पाय हवा. मी मान डोलावणार तेवढ्यात, शेपूट उचलली जाऊ लागताच, डावं पेडल आणखी एकदा खाली गेलं. धप्पकन. विमान हातभर डावीकडे सरकलं आणि मग परत आलं.

"हे काय होतं?"

"ती उचकी!" हेमांगी हसली. "सगळ्याच पायगुणांना असते. जुन्यांना उजवीकडे बारीकशी, हिला डावीकडे जरा मोठी. सगळे वैमानिक तिला मावशीची उचकी म्हणतात. तुला माहीत नाही?"

"नाही."

"तुझ्या तोंडावर कोण सांगणार?"

मीही हसले. वर गेल्यावर तिने मला तापीचं वळण दाखवलं, केळीच्या बागा दाखवल्या. मी बघितलंही असेल. माझं लक्ष डाव्या तळव्यात होतं.

*

उतरल्यावर मी फक्कीवरून चालत गेले. अडीचशे मीटरवर खाच रेघ सोडून डावीकडे गेली होती, हातभर, आणि परत आली होती. मी तिथेच उभी राहिले. चाळीस वर्षांत या जागेवरून किती हजार वेळा गेले असेन. आज पहिल्यांदा तिथे थांबून डावीकडे पाहिलं.

डावीकडे आता सौर पट्ट्यांचं शेत आहे. पूर्वी तिथे कापसाचं जीन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना होता, आणि त्याची उंच दगडी भिंत धावपट्टीला समांतर होती. नेमकी इथे संपायची.

"शकूर," मी हाक मारली, "जिनाची भिंत कुठपर्यंत होती रे?"

"तू उभी आहेस तिथपर्यंत. का? पाडून नऊ वर्षं झाली."

मी धावपट्टीच्या टोकाला खांबावर फडकणाऱ्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी पिशवीकडे पाहिलं.

निंबोळ्यात आम्ही नेहमी उत्तरेकडे तोंड करून उडतो, कारण दक्षिणेला विजेच्या तारा आहेत. म्हणजे पश्चिमेचा वारा डावीकडून. भिंतीच्या आडोशाला वारा नाही आणि भिंत संपली की एकदम थप्पड. विमान वाऱ्याच्या पिशवीसारखंच असतं. शेपटीवर वारा बसला की नाक वाऱ्याकडे वळतं. इथे डावीकडे. म्हणून भिंत संपायच्या जरा आधी मी उजव्या पायाने एक जास्तीचा दाब द्यायची. नेमकी त्याच सुमारास शेपूट उचलली जाऊ लागायची. यंत्राला भिंत कशी दिसणार? त्याने समजून घेतलं की शेपूट उचलली की हा दाबही पंख्यासाठीच असतो.

सोनवण्यांनी पंख्यासाठीचा पाय उलटा केला, ते योग्यच. पण त्यासोबत वाऱ्यासाठीचा पायही उलटा झाला. पंखा उलटा फिरतो म्हणून वारा काही उलट्या बाजूने येत नाही.

हेमांगी फक्कीवरून चालत आली. मी तिला विचारलं, "भादलपाड्याची पट्टी किती रुंद?"

"आठ मीटर."

"दरी कुठल्या बाजूला?"

"डावीकडे. कडेला लागूनच."

"सकाळी दहाला वारा?"

"दरीतून वर येतो. ऊन तापलं की..." ती थांबली. शिकवलेली मुलगी होती. पुढचं तिला सांगावं लागलं नाही. वारा डावीकडून नाक डावीकडे ओढणार, आणि नेमक्या त्याच क्षणी माझा आरशातला पाय, दुप्पट जोराने, त्याला मदत करणार. मधल्या रेघेपासून दरी चार मीटर.

"पण सोनवणे सरांच्या कंपनीने वर चाचण्या केल्यात," ती म्हणाली.

"किती वाजता?"

"पहाटे. हवा शांत असते म्हणून."

*

सोनवण्यांना मी तिथूनच फोन केला.

"बाई, सगळं तपासलंय. मोठ्या विमानतळावर दोनशे उड्डाणं. तो हेलकावा नोंदलाय आम्ही, हातभर आहे, मर्यादेत बसतो."

"ती पट्टी किती रुंद होती?"

"पंचेचाळीस मीटर."

"सोनवणे, तुमच्या यंत्रात एक भिंत आहे."

"काय आहे?"

"भिंत. दगडी. जिनाची."

मी भिंतीची सगळी हकिगत सांगितली. तो हुशार माणूस, वाद घातला नाही. म्हणाला, तासाभरात करतो. पाऊण तासातच फोन आला.

"बाई, जुन्या नोंदी काढल्या. वारा ज्या दिवशी अजिबात नव्हता, त्या दिवशीही तुमचा तो दाब आहे. जवळजवळ प्रत्येक उड्डाणात."

म्हणजे वारा असो नसो, मी दाबतच होते. आणि अशा दिवशी खाच उजवीकडे जात असणार. विद्यार्थ्यांच्या खाचा मी तपासायची. माझी स्वतःची कधी तपासली नव्हती.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "तसं चारशे जणांना कळवा. सही माझी घाला."

"कळवतो. नवी शिकवण, चाचणी, मंजुरी, तीन आठवडे लागतील. तोवर नवी विमानं जमिनीवर."

हेमांगीने माझ्या हातातून फोन घेतला. "सर, पायगुण बंद करून उडता येतं ना? नियम आहे."

"आहे. प्रशिक्षकाने लेखी दिलं तर. पण हेमांगी, तुझ्या पिढीत पायाने उडणारं आहे कोण?"

फोन ठेवल्यावर मी तिला म्हटलं, "त्यांचं बरोबर आहे. तीन आठवडे थांबू. तुला पायाने येत नाही."

"मला येत नाही, कारण तू शिकवलं नाहीस."

शकूर फक्कीचं घमेलं उचलून लांब गेला.

"चार वर्षं मी तुझ्याजवळ होते," हेमांगी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "आधीच्या मुलांना तू सहा महिने पेडल दाबायला लावायचीस. मी म्हटलं, मलाही शिकव, तर म्हणालीस, 'कशाला गं? माझाच पाय आहे आत.' केवढी खूश होऊन म्हणाली होतीस. आणि माझ्या परवान्यावर सही केलीस."

मी विमानाकडे गेले आणि चप्पल काढली.

"चल. बूट काढ," मी म्हटलं. "फक्कीवर दहा खाचा, ओळीने. एक जरी सुटली तर पुन्हा पहिल्यापासून. दहा झाल्या तर रविवारी सही. नाहीतर सोमवारी जीप."

*

पहिल्या उड्डाणाला, खरं म्हणजे उड्डाण झालंच नाही. पट्टी निंबोळ्याची, तीस मीटर रुंद, तरी आम्ही कडेच्या गवतात जाऊन थांबलो.

"साप गेला का रे इथून?" शकूर मुरमाकडे बघत म्हणाला.

"अजगर," हेमांगी म्हणाली आणि बूट-मोजे त्याच्याकडे फेकले.

गुरुवारी साप, शुक्रवारी साप. मी माझी सगळी जुनी वाक्यं वापरली. नाक बघू नको, पुढचं टोक बघ. पाय नाकाच्या आधी. आवाज ऐक, आवाज चढला की पाय. शुक्रवारी संध्याकाळी तिने पेडलवरून पाय काढून माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, कुठला आवाज? हिला आवाजच नाही!"

खरंच की. माझा पाय इंजिनाच्या आवाजाला बांधलेला होता. ही मोटर मुकी. घंटा वाजली की उभी राहा, असं मी मुलीला सांगत होते, आणि घंटा वाजतच नव्हती. चाळीस वर्षांची शिकवण, आणि निम्मी तिच्या कामाची नव्हती.

शनिवारी सकाळी ती एकटीच विमानात बसलेली दिसली, मोटर बंद. उजवा हात शक्तीच्या दांड्यावर, डोळे मिटलेले. दांडा पुढे, डावा पाय खाली. दांडा मागे, पाय वर. पुन्हा पुन्हा.

"काय करतेस?"

"शिवतेय."

"काय?"

"आईचं पायाचं मशीन आठव. हाताने चाक ओढायचं आणि त्याच क्षणी पाय. हात आधी आणि पाय नंतर असं केलं की चाक उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. लहानपणी किती फटके खाल्लेत मी त्या दोऱ्यापायी." तिने डोळे उघडले. "आवाज नाही ना? नसू दे. हात आहे की. हात आणि पाय एकाच दोरीने बांधायचे."

शिकवणाऱ्याला गप्प बसायचे क्षण ओळखता आले पाहिजेत, एवढं मला येतं.

त्या दिवशी दुपारी शकूर धावपट्टीच्या टोकावरून ओरडला, "ए बाई! फक्की पुसली गेली!" शेपटीचं चाक पांढरं झालं होतं.

रविवारी दुपारपर्यंत सलग नऊ झाल्या. वाऱ्याची पिशवी तोवर आडवी झालेली, वारा पश्चिमेचा, चांगलाच. हेमांगी घामाने निथळत होती. मी वहीत नऊ फुल्या पाहिल्या आणि मनात म्हटलं, नऊ आणि दहा यात काय मोठा फरक? पोरगी दमली आहे. उगीच दहावीला सुटली तर सगळं वाया, आणि ते तिघं पुन्हा जीपमध्ये. मी खिशातून पेन काढलं.

"पेन ठेव आत," ती म्हणाली.

"नऊ पुष्कळ आहेत गं."

"दहा म्हणाली होतीस." मग जरा हसून, "आधी एकदा तू प्रेमाने सही केली आहेस मावशी. एकदा पुरे."

दहावी तिने त्या वाऱ्यातच केली. मी आणि शकूर दोन्ही बाजूंनी फक्कीवरून चाललो. अडीचशे मीटरवर मी गुडघ्यावर बसून पाहिलं. खाच फक्कीतच होती. मी विमानाच्या पंखावर वही ठेवून सही केली.

*

सोमवारी पहाटे, हवा शांत असताना, हेमांगी मला घेऊन भादलपाड्याला उतरली. डाव्या कडेला उभी दरी, उजवीकडे सागाची झाडं, मध्ये तांबड्या मातीची ती आठ मीटरची पट्टी. शकूरने फक्कीची एक पिशवी बरोबर दिली होती. मी वाकून वाकून रेघ मारली.

पहिले प्रवासी दिवाल्या पावरा, डायलिसिसच्या तिघांपैकी एक, साठीचे, डोक्याला फेटा, आणि त्यांची बायको. रेघेकडे बघून ते म्हणाले, "ही कसली रांगोळी, बाई?"

"विमानाला वाट दिसावी म्हणून."

"त्याला दिसत नाही?" ते बायकोकडे वळून म्हणाले, "चल. जीपने जाऊ." आणि स्वतःच मोठ्याने हसले. मग हळूच मला विचारलं, "यंत्र चालवतं ना हे? पोरगी नुसती बसते?"

"आज पोरगी चालवते."

त्यांनी हेमांगीच्या अनवाणी पायांकडे नीट पाहिलं. शेतकरी माणूस, पाय बघून माणूस ओळखणारा. "बरं," ते म्हणाले आणि आत चढले.

चौथी खुर्ची रिकामी ठेवायची होती, वजनासाठी. मी खालीच राहिले. दहा वाजायला आले तसं दरीच्या कडेचं वाळकं गवत हलायला लागलं. वारा सगळीकडे सारखा नव्हता. एका जागी कड्याला घळ होती आणि तिथून तो झपकन वर यायचा. गवत तिथे आधी झुकायचं. मी ते सकाळी पाहिलं नव्हतं, कारण सकाळी वारा नव्हता. आता तिला सांगायला उशीर झाला होता. विमान सुटलं होतं.

मोटर मुकीच. फक्त चाकांखालची खडी वाजत होती. शेपूट उचलली जाऊ लागली. माझा उजवा पाय जमिनीत रुतला, त्या भिंतीसाठी, सवयीने. मी तो ओढून सैल केला. विमान घळीसमोर आलं, गवत झोपलं, आणि विमान सरळ पुढे गेलं. मग चाकांखाली ऊन दिसलं. मग पट्टी संपली आणि दरीच्या वर, उजेडात, ते लहान होत गेलं.

*

सोनवण्यांचा फोन पाऊण तासाने आला. हेमांगी धुळ्याला उतरली होती. त्यांना आता नव्या मोटरसाठी तिचा पाय हवा होता.

"विचारलंत तिला?"

"विचारलं. देते म्हणाली. पण अट घातलीय. प्रत्येक वैमानिकाने रोजचं पहिलं उड्डाण पायगुण बंद ठेवून करायचं. आणि नोंदी एका पट्टीवर नाही, दहा पट्ट्यांवर घ्यायच्या. मी म्हटलं, खर्च वाढेल. तर म्हणाली, भिंत पाडायला खर्च येतोच."

"मग?"

"मग काय बाई, मान्य."

फोन ठेवून मी फक्कीवरून चालायला लागले. खाच सुरुवातीला थोडी डळमळलेली होती, पुढे स्थिर. घळीपाशी आल्यावर मी खाली बसले. तिथे खाच रेघेवरून सुटली होती. पण डावीकडे, दरीकडे नाही. घळीच्या जरा अलीकडे ती उजवीकडे गेली होती, चार बोटं. मग वारा आला होता आणि तिने ती परत फक्कीवर आणून ठेवली होती.

म्हणजे वारा लागायच्या आधीच तिने डावा पाय सैल सोडला होता. तिने गवत पाहिलं होतं.

हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं.

मी त्या चार बोटांवर हात ठेवला. खाचेतली माती अजून गार होती. मग चप्पल काढून हातात घेतली आणि खाच संपते तिथपर्यंत तिच्या कडेकडेने चालत गेले, पुसली जाऊ नये म्हणून.